वाणात दिलेली वेबसाइट

माझ्या जावेचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला समंजस वगैरे समजायला नको. ती धाकटी, मी थोरली. ती पुण्याची, मी इथलीच, इंदूरची. माझं माहेर जुनी इंदूरमध्ये, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. ती लग्न होऊन आली तेव्हा मला या घरात इतकी वर्षं झाली होती की फडताळातला कुठला डबा कुठे आहे ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. तिला ते कुणी विचारलं नाही. तिला विचारलं ते हे, की कामाच्या खोलीत एसी कुठल्या भिंतीवर लावायचा.

तिचं काम लॅपटॉपवरचं. पुण्याच्या एका कंपनीत ती आधीपासून होती, लग्नानंतर तीच नोकरी ती इथून करू लागली. आमचं घर दोन मजली, नव्याने बांधलेलं. खाली मी, माझे यजमान आणि सासूबाई. वर दीर आणि ती. स्वयंपाक एकच, खालचा. सकाळी वर तिची मीटिंग सुरू झाली की सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन हात हलवायच्या. की मी मिक्सर बंद करायचा. दाण्याचं कूट अर्धं जाडं, अर्धं बारीक, तसंच भांड्यात पडून राहायचं. मी साड्यांना फॉल-पिको करते, त्याचं मशीन माझ्या खोलीत आहे. तेही थांबवायचं. "तिचं काम चालू आहे न, जरा थांब," असं सासूबाई म्हणायच्या, जसं काही मी तिथे बसून झोके घेत होते.

त्यात तिची मराठी. आमच्या घरात सगळे आमच्यासारखंच बोलतात, अर्धं हिंदी, अर्धं मराठी, आणि आमचं कधी काही अडलं नाही. ती आली आणि पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, वहिनी, तुमची मराठी किती गोड आहे हो. लहान मुलाच्या बोबड्या बोलाला म्हणतात तसं गोड. सासूबाई तर शेजारणींना सांगायच्या की आमची धाकटी एकदम शुद्ध बोलते. स्वतः त्याच वाक्यात "एकदम" आणि "बिल्कुल" घालून.

तर मला असं काम हवं होतं, ज्याचं नाव काढलं की या घरातली माणसं जरा अदबीने बघतील. फॉल-पिकोला कुणी काम म्हणत नाही. ते "फावल्या वेळात काहीतरी करते" यात मोडतं. मी कमावते, माझ्या कमाईतून घरातली वॉशिंग मशीन आली, पण कुणी विचारलं तर माझे यजमान सांगायचे की ती घरीच असते. ते सांवेर रोडला एका कारखान्यात आहेत, त्यांच्या दृष्टीने जिथे जायला बस लागते तेच काम.

एक दिवस एक बाई साडी घेऊन आल्या. त्यांचे यजमान प्लॉटची दलाली करतात, त्यांनी धंद्याची वेबसाइट काढली होती. बाई कुरकुरत होत्या की वेबसाइट बनवून झाली तरी तिचं भाडं दरवर्षी द्यावं लागतं, आणि ते घेणारा माणूस घरात बसून नुसती जागा भाड्याने देतो. कसली जागा, मी विचारलं. इंटरनेटवरची, त्या म्हणाल्या. तो पण म्हणे दुसऱ्याकडून घाऊक घेतो आणि तुकडे करून विकतो.

माझ्या हातातली सुई थांबली. इंदूरच्या माणसाला यात समजायला कठीण काय आहे? इथे दर दुसरा माणूस हेच करतो. शहराबाहेर शेत घ्यायचं, रस्ते आखायचे, कॉलनी काटायची आणि प्लॉट विकायचे. शेतात काय पिकतं ते माहीत नसलं तरी चालतं. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण प्लॉट मला कळत होता.

यजमानांचा जुना लॅपटॉप होता. पिकोचं मशीन आत दुमडलं की त्याचं छान टेबल होतं, त्यावर तो मांडला. हिंदीतले व्हिडिओ बघितले, एकेक तीन-तीनदा. एका मोठ्या कंपनीकडून घाऊक जागा घेतली. त्या कंपनीने एक पान दिलं, त्यावर शेकडो बटणं, सगळी इंग्रजीत. त्यातल्या कुठल्या बटणाने काय होतं हे वरच्या मजल्यावर बसलेली बाई मला चहा गार व्हायच्या आत सांगू शकली असती. मी विचारलं नाही. मेले असते तरी विचारलं नसतं.

त्यापायी पहिल्याच घासाला खडा लागला. माझ्या या नव्या धंद्याची वेबसाइट मी बनवली. वेबसाइटचं नाव एकीकडे विकत घेतलं होतं, जागा दुसरीकडे. ते नाव या जागेकडे वळवायचं असतं, म्हणजे घराचा पत्ता पोस्टात बदलून घेतल्यासारखं. तो मी बदलला. साइट उघडेना. कंपनीच्या मदतीच्या खिडकीत विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, मॅडम, कल तक हो जाएगा. आता, "कलपर्यंत होऊन जाईल" हे वाक्य मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. साडीला हात पण लावलेला नसतो तेव्हा सांगते. त्यामुळे त्या माणसावर माझा काडीचा विश्वास बसला नाही. मी दर थोड्या वेळाने पत्ता काढून पुन्हा नव्याने घालत राहिले, आणि दर वेळी ते "उद्या" नव्याने सुरू होत राहिलं. असा आठवडा गेला. शेवटी भाचीचं लग्न निघालं, मी दोन दिवस खंडव्याला गेले, काही हात लावला नाही, आणि परत येऊन बघते तर साइट उघडलेली.

मी ती सगळ्यांना दाखवली. यजमान म्हणाले, अच्छा. सासूबाई म्हणाल्या, फोटोत तू जाड दिसून राहिली. जाऊ वरून धावत आली, "वहिनी, तुम्ही एकट्यांनी केलंत हे? कमाल आहे," म्हणाली, आणि मला मिठी मारली. तिच्या अंगाला कसलासा महागाचा सुवास येत होता. मला वाटलं, हिला जरा तरी वाईट वाटायला काय झालं होतं.

गिऱ्हाईक मात्र मिळेना. कोण घेणार माझ्याकडून? पुरुषमाणसं बोलायला लागली की "भैया से बात करवा दो" म्हणायची. तेवढ्यात संक्रांत आली.

आमच्या घरचं हळदीकुंकू मोठं असतं. वाण दोघी जावा मिळून लुटतो, म्हणजे म्हणायला मिळून. दरवर्षी तिचं काहीतरी पुण्याहून मागवलेलं असतं, कधी पितळी करंडा, कधी खणाची पिशवी, आणि बायका ते उलटसुलट करून बघतात. माझा स्टीलचा चमचा त्या न बघता पर्समध्ये टाकतात. त्या वर्षी मी सासूबाईंना म्हटलं, माझं वाण वेगळं राहील. कार्ड छापून घेतली. हळद, कुंकू, तिळगूळ आणि एक कार्ड: आपली वेबसाइट, एक वर्ष.

मनात हिशेब साधा होता. आवळा द्यायचा आणि कोहळा काढायचा. आमच्या बायका घरी बसून काय काय करतात! कुणी पापड-मसाले विकते, कुणी रुखवत बनवून देते, कुणाचा गाण्याचा क्लास, कुणी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. वर्षभर वापरल्यावर सवय लागेल, मग पुढच्या वर्षी भाडं देतील. बायका कार्ड हातात घेऊन हसल्या, लाजल्या, एकमेकींना विचारू लागल्या. त्या दिवशी जावेची खणाची पर्स कुणी उलटून बघितली नाही. मी गर्दीतून तिच्याकडे बघितलं. तिने पण हात पुढे केला होता. वाण द्यायचं तर समोरच्या प्रत्येक सवाष्णीला द्यायचं असतं, जावेला वगळता येत नाही. मी तिला कुंकू लावलं आणि कार्ड दिलं.

पुढचे कित्येक दिवस मी एकीएकीची साइट बनवत बसले. तयार साचे मिळतात, त्यात फोटो आणि नाव भरायचं. प्रत्येक साइट उघडताना कंपनीचं पान विचारायचं, हिला किती जागा देऊ, महिन्याचा कोटा किती ठेवू. कोटा म्हणजे लोक साइट बघतात तेव्हा जो माल ये-जा करतो त्याचा. आकडा घाला, नाहीतर "अमर्याद" वर खूण करा. मी प्रत्येकीला अमर्याद दिलं. वाण काय मोजून देतात? ओटीतले तांदूळ कुणी वजन करून घालत नाही. वापरून वापरून त्या बिचाऱ्या किती वापरणार होत्या? माझा स्वतःचा घाऊक कोटा काही अमर्याद नव्हता, पण ही गोष्ट तेव्हा मला महत्त्वाची वाटली नाही.

आता गंमत ऐका. रथसप्तमीपर्यंत प्रत्येकीकडे हळदीकुंकू असतं, आणि मी प्रत्येकीकडे गेले. तिथे मला प्रत्येकीने वाण दिलं. चहाची गाळणी, साबणाची डबी, पुन्हा गाळणी. घरी येऊन मी ती सगळी ओट्यावर ठेवली तेव्हा एवढं शिकलेलं माझं डोकं चाललं नाही. डोकं चाललं गणपतीत, जेव्हा मी त्या मसालेवाल्या बाईंना सहज म्हटलं की संक्रांतीनंतर वेबसाइटचं थोडं भाडं सुरू होईल. त्यांचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, "पण आमची फिट्टमफाट झाली न. तुम्ही वाण दिलं, आम्ही पण दिलं." ही गोष्ट आमच्या घरी माझ्या आधी पोहोचली.

सासूबाईंनी मला समोर बसवलं. "वाणाचं भाडं मागतात का कुठे? दिलं म्हणजे दिलं. ते वापस पण घेत नाहीत अन् त्याचे पैसे पण मागत नाहीत. हद करून राहिली तू."

मी म्हटलं, आई, एक वर्षाचं लिहिलं होतं कार्डावर. त्या म्हणाल्या, करंडा देताना कोणी सांगतं का, एक वर्षाने आणून दे म्हणून. म्हणजे माझ्या कंपनीत गिऱ्हाइकं भरपूर होती आणि पैसे देणारं एकही नव्हतं. यजमानांनी विचारलं की मग हे बंद केव्हा करतेस. त्यांनी ते चिडून विचारलं नाही, नळ गळतोय का विचारावं तसं विचारलं, त्यामुळे जास्त लागलं. मी मनाशी ठरवलं, पुढच्या संक्रांतीपर्यंत एक तरी गिऱ्हाईक असं हवं जे माझ्याकडे बिल मागेल. एक जरी मिळालं तरी हा धंदा आहे. नाहीतर मी पुन्हा घरीच असणारी.

या धंद्यात एक सोय असते, ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. कुणाच्या साइटवर किती माणसं आली ते जागा देणाऱ्याला दिसतं. रोज दुपारी मी मशीन दुमडून बसायचे आणि बघायचे. गाण्याच्या क्लासवाल्या बाईंकडे कोण येतं, रुखवतवालीकडे किती. माझ्या पानावर कोणी नसायचं, मीच असायचे. हे एक व्यसन आहे. शेजाऱ्याच्या दारातल्या चपला मोजण्याचं.

आणि मग मला जावेच्या दारातल्या चपला दिसायला लागल्या.

तिने त्या कार्डाचं काय केलं ते मी विचारलं नव्हतं. जागा उघडून दिली होती, बाकी तिने स्वतः केलं. बघते तर तिच्या साइटवर सासूबाई. फोटो नाही, पुढचे दोन दात पडल्यामुळे त्या फोटोला नाही म्हणतात, पण आवाज. छोटे छोटे ध्वनिमुद्रण केलेले तुकडे, प्रत्येकाला एक नाव. बाळंतिणीला काय द्यायचं. महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात सोळा भाज्या कुठल्या. होळकरांच्या कचेरीत त्यांचे आजोबा होते तेव्हा घरात गुळाची ढेप कशी यायची. आवाज अगदी जसाच्या तसा, मध्येच "अरे हां" आणि "मतलब" म्हणणारा. आणि ते ऐकायला माणसं येत होती, पहिल्यांदा इंदूर-देवासची, मग पुण्याची, मग कुठकुठल्या देशांतली. इथून उठून परदेशी गेलेली आमचीच माणसं, त्यांना आपली आजी ऐकल्यासारखं होत असणार. खाली तसं लिहिलेलं होतं. एकाने लिहिलं होतं, हे जपून ठेवणाऱ्या सूनबाईंना नमस्कार.

सूनबाईंना नमस्कार! माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या सोळा भाज्या चिरत कोण आलं इतकी वर्षं? त्या गुळाच्या ढेपेची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की सासूबाई कुठे श्वास घेतात ते मला पाठ आहे. मी ती ऐकता ऐकता कणीक मळली, भाजी निवडली, हो हो म्हणाले. ती गोष्ट जगाला सांगण्यासारखी आहे हे मला सुचलं नाही, आणि जिला येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली तिला सुचलं. जागा माझी, आवाज माझ्या सासूबाईंचा, नमस्कार तिला.

सासूबाई तर हवेत होत्या. दुपारी जेवण झालं की केस विंचरून वर जायच्या, "रेकॉर्डिंगला जाते" म्हणून. मला पण आल्यावर सांगायच्या, आज अमुक देशातून कोणी विचारून राहिलं. मी म्हणायचे, भाजीवाला येऊन गेला.

कंपनीच्या पानावर प्रत्येक साइटच्या पुढे एक बटण होतं, साइट तात्पुरती थांबवण्याचं. दाबलं की तिथे नुसतं पांढरं पान दिसतं. मी त्या बटणाकडे कितीदा बघितलं ते माझं मला माहीत. पण सासूबाईंचं वाक्य आडवं यायचं, वाण वापस घेत नाहीत. त्यांचाच आवाज बंद करायला त्यांनीच मनाई करून ठेवलेली.

दिवाळी तोंडावर आली. फराळाच्या ऑर्डरींचे दिवस. त्या आठवड्यात जावेने सासूबाईंचा नवा तुकडा टाकला, पाडव्याला नवऱ्याला ओवाळताना पूर्वी काय काय म्हणायचे त्याचा, आणि तो कुठल्या कुठे पसरला. सकाळी मला फोनवर फोन. मसालेवाल्या बाई, रुखवतवाल्या बाई, चकलीवाल्या बाई. सगळ्यांच्या साइट एकदम बंद. माझी पण. कंपनीकडे विचारलं. माझा महिन्याचा सगळा कोटा संपला होता, एकाच साइटने खाल्ला होता, आणि घाऊक कोटा संपला की माझ्या कॉलनीतली सगळी घरं अंधारात. मर्यादा का नाही घातली, त्या माणसाने विचारलं. त्याला मी संक्रांतीचं वाण कसं समजावणार?

दोनच मार्ग होते. महिना संपेपर्यंत जावेची साइट थांबवायची, म्हणजे बाकीच्यांना पुरेल एवढा थोडा कोटा कंपनी उधार द्यायला तयार होती. किंवा पदरचे घालून मोठी जागा घ्यायची, फुकटच्या गिऱ्हाइकांसाठी. मला धंदा गुंडाळावा लागणार हे स्पष्ट दिसत होतं. चकलीवाल्या बाई फोनवर रडायच्या बेतात होत्या, कारण त्यांच्या सगळ्या ऑर्डरी या वर्षी साइटवरूनच येत होत्या. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, की माझ्या कामावाचून कुणाचं तरी अडलं. पण तेवढी फुरसत नव्हती.

दुपारी जाऊ खाली आली. मी चहा टाकला होता, तिलाही दिला. ती मशीनच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसली आणि म्हणाली की तिला कळलंय काय झालं ते. तिच्या ऑफिसातला एक जण तिची साइट त्याच दिवशी एका मोठ्या कंपनीकडे हलवून देणार होता. माझ्यामुळे तुमच्या सगळ्या बायकांचं अडलंय, ती म्हणाली, मी गेले की तुमचं ओझं उतरेल.

किती सोपं झालं असतं. हो म्हणायचं होतं फक्त. त्याऐवजी माझ्या तोंडातून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"ने न. ती पण ने. तू जिथे जाशील तिथे लोक तुझ्यामागे येऊनच राहिले. इतकी वर्षं मी आईंजवळ उभी राहून राबून राहिली, अन् नमस्कार तुला. माझ्याकडे एवढी एक चीज होती, तुझी साइट, ती पण उचल."

मला वाटलं ती आता रडेल किंवा वर निघून जाईल. तिने कप खाली ठेवला.

"वहिनी, आई माझ्याशी बोलत नाहीत हो," ती म्हणाली. "रेकॉर्डिंग लावलं की बोलतात. बंद केलं की म्हणतात, झालं न, जाते मी आता. म्हणून तर मी ते सुरू केलं. तुमच्याशी त्या दिवसभर बोलतात. भांडतात. भाजीत मीठ जास्त झालं तर तुम्हाला तोंडावर सांगतात. मी केलेल्या भाजीत एकदा मीठ घालायचंच राहिलं होतं, तर म्हणाल्या, छान झाली आहे. पाहुणीला म्हणतात तसं. मी माझ्या खोलीत बसते आणि खालून तुमच्या दोघींचे आवाज येतात. मला तुमचा फार हेवा वाटतो."

खरं सांगते, मला पहिल्यांदा आनंद झाला. दया वगैरे नंतर. पाच-सहा वर्षं मी जिच्या जिन्यावरच्या पावलांच्या आवाजानेही जळत होते ती माझ्यावर जळत होती, आणि तेही मीठ जास्त झालं असं ऐकवून घेण्यावरून! मला ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं. तिला पुन्हा म्हणायला लावता आलं असतं तर लावलं असतं.

मग मी तिला बघितलं. ती साइट हलवणार म्हणजे काय हलवणार होती ते मला जरा उशिरा कळलं. माझ्यासाठी ती एका गिऱ्हाइकाची जागा होती. तिच्यासाठी ते या घरातलं एकुलतं एक बोलणं होतं, आणि ते माझ्या खालच्या मजल्यावर, माझ्या मशीनच्या टेबलावर ठेवलेलं होतं.

"साइट कुठे जात नाही," मी म्हटलं. "मी मोठी जागा घेते. पण तुझ्या साइटला वाण नाही चालणार. तुला भाडं द्यावं लागेल."

ती म्हणाली, "द्या बिल."

सरळ म्हणाली, किती म्हणूनही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत बायकांच्या साइट उघडल्या. मी बिल कसं लिहितात ते यजमानांना विचारलं. त्यांनी त्यांच्या कारखान्याच्या धर्तीवर सांगितलं, आणि वर माझ्या कंपनीचं नाव लिहिताना स्पेलिंग दोनदा विचारून घेतलं. सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. घरातल्या घरात बिल, दोन जावांमध्ये, लोक काय म्हणतील. मी त्यांना म्हटलं की आई, लोकांना सांगा, थोरलीचा धंदा आहे. त्यांनी बहिणीला फोन करून अगदी तेच शब्द सांगितले, थोड्या तक्रारीच्या सुरात, पण सांगितले.

म्हणजे मला हवं होतं ते सगळं मिळालं. तरी त्या दुपारनंतर मी जिना चढून वर जाते, सासूबाईंच्या गोष्टी रेकॉर्ड होताना कधी कधी तिथे बसते, आणि ती एक गोष्ट मला अजून पचलेली नाही. मला तुझा हेवा वाटतो, हे वाक्य माझं होतं. इतकी वर्षं ते मी कूट करताना, साडी पिको करताना, तिच्या कपाळाला कुंकू लावताना दातांखाली धरून बसले होते. ती आली आणि अर्ध्या कप चहात बोलून मोकळी झाली. मला अजूनही तिला ते परत म्हणता आलेलं नाही, आणि तिला जमलं याचाच मला आता सगळ्यात जास्त हेवा वाटतो.